माझ्या पेन्सिलीची टकटक

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक फोनवर म्हणाले, "बाई, इतकी वर्षं इंग्रजी शिकवलंत, त्यावर काहीतरी लिहा." मी हो म्हटलं आणि मग घाबरले. वाचणाऱ्यांना वाटायचं, बाईंनी काय काय मोठं शिकवलं असेल. खरी गोष्ट अशी, की हैदराबादेत बरकतपुऱ्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी बावीस वर्षं वर्ग घेतला आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ दोनच काळ शिकवण्यात गेला. रोज काय करता, आणि आत्ता काय करताय. माणसाला पोटापुरतं इंग्रजी बोलायला एवढं आलं तरी खूप झालं, असं माझं मत होतं आणि अजून आहे.

माझ्याकडं शाळेची मुलं नसायची, मोठी माणसं यायची. आयटीतल्या मुलाकडं पुण्याहून राहायला आलेल्या आज्या, ज्यांना नातवाच्या टीचरशी बोलायचं असायचं. दुकानदार. दवाखान्यातल्या बाया. मोठ्या माणसाला शिकवणं वेगळं असतं. त्याला चुकायची लाज वाटते, म्हणून तो लगेच वही काढून लिहायला लागतो. वहीत सगळं सुंदर, आणि तोंड उघडायची वेळ आली की ठणठण गोपाळ.

म्हणून मी वह्याच बंद केल्या. घरून येताना आपलं रोजचं एखादं काम घेऊन यायचं, हा माझा नियम. लसूण सोलायचा असेल तर लसूण, शर्टाची बटणं लावायची असतील तर शर्ट. हात चालू असताना म्हणायचं, 'आय अ‍ॅम पीलिंग गार्लिक.' मग लसूण खाली ठेवायचा, हात मांडीवर घ्यायचे आणि म्हणायचं, 'आय पील गार्लिक एव्हरी मॉर्निंग.' हात चालू तर आत्ताचं वाक्य, हात रिकामे तर रोजचं वाक्य. पुस्तकात याला चालू वर्तमानकाळ आणि साधा वर्तमानकाळ म्हणतात, पण ती नावं मी पहिले पंधरा दिवस उच्चारायची नाही. आपली माणसं बहुतेक गोंधळ करतात तो इथंच. हैदराबादेत कुणालाही विचारा, रोज कुठं जाता, तर तो सांगणार, 'डेली आय अ‍ॅम गोइंग टु ऑफिस.' म्हणजे बिचारा बारा महिने तेरा त्रिकाळ वाटेतच, पोचत कधी नाही. या पद्धतीचा आमच्या घराला एक फायदा झाला. बावीस वर्षांत मला लसूण क्वचितच सोलावा लागला.

बेगम बाजारातले एक मसाल्याचे व्यापारी आले होते. पहिल्या दिवशी रिकाम्या हातानं. म्हणाले, "बाई, माझ्या हाताला कामच नाही. सगळं नोकर करतात. मी नुसता गल्ल्यावर बसतो." मी म्हटलं, "मग 'आय अ‍ॅम सिटिंग' म्हणा." तीन दिवस ते गृहस्थ तेवढंच म्हणत बसले. चौथ्या दिवशी बहुतेक त्यांनाच कसंतरी वाटलं असावं, कारण देठं खुडायला वाळलेल्या मिरच्यांची भलीमोठी पिशवी घेऊन हजर झाले. पाच मिनिटांत अख्खा वर्ग शिंकत अंगणात. शेटजी सगळ्यात पुढं, डोळ्यांना पाणी, आणि तशातही ओरडून सांगतायत, "वी आर स्नीझिंग, मॅडम! वी आर स्नीझिंग!" त्या दिवसानंतर त्यांचं ते वाक्य कधी चुकलं नाही.

आता माझ्या दुसऱ्या सवयीबद्दल. मी वर्गात कुणावर कधी आवाज चढवला नाही आणि याचा मला गर्व होता. माझ्या हातात एक पेन्सिल असायची. वाक्य चुकलं की टेबलाच्या काचेवर एकदा टक. बस्स. काय चुकलं ते मी सांगायची नाही, ज्याचं त्यानं शोधायचं आणि वाक्य पुन्हा म्हणायचं. टक झालं नाही म्हणजे बरोबर आहे, पुढं चला. किती सभ्य पद्धत, असं मला वाटायचं. आमचे हे बँकेतून रिटायर झाल्यापासून आतल्या खोलीत पेपर वाचत बसायचे. वर्ग सुटला की म्हणायचे, "आज सुतारपक्षी जोरात होता." स्वयंपाकघरात हे काही बोलत असले तरी मी डावानं ओट्यावर टक करते, असंही यांचं म्हणणं होतं. खोटं नव्हतं ते.

सुनंदा आली ती एका उन्हाळ्यात, दुपारी तीन वाजता, ड्यूटीवरून सरळ. चाळिशी ओलांडलेली, नांदेडकडची, लग्न होऊन हैदराबादेत आलेली. त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहारात रविवारी बाया जमायच्या, तिथल्या एका ताईंनी तिला माझा पत्ता दिला होता. दारातच उभी राहून तिनं सगळं सांगून टाकलं.

"मॅडम, बारा वर्षं झाले, मी वॉर्डात मावशी म्हणून काम करायलेय. फरशी, बादल्या, पेशंट उचलणं, सगळं. आता कंबर गेली. डॉक्टर म्हणायलेत, वाकायचं नाही. आमच्या मजल्याला सुपरवायझर पाहिजे. काम मला सगळं येतंय, पण सकाळी साहेबाला रिपोर्ट इंग्रजीत द्यावा लागतो."

"आणि ती जागा नाही मिळाली तर?"

"तर घरी. वाकायचं नाही म्हणल्यावर मावशी कशी राहणार मी?"

साहेब केरळचे, डॉक्टर दिल्लीकडचे, सिस्टर तेलुगू, म्हणून रिपोर्ट इंग्रजीत. त्यात काय काय असतं ते मी विचारलं आणि मला हसूच आलं. रोज काय होतं: चादरी सातला बदलतो, फरशी तीनदा पुसतो. आत्ता काय चाललंय: चार नंबरची खोली धुतायत, दोन बाया लिफ्टपाशी थांबल्यात. तो रिपोर्ट म्हणजे माझा अख्खा धंदा होता. इंटरव्ह्यूला दीड महिना होता. मी म्हटलं, "खूप झाला. बस."

ती शिकली किती लवकर. पुण्याच्या आज्यांना मी दोन काळांतला फरक आठवडाभर समजावायची, कारण 'काय करतेस?' 'स्वयंपाक करते' असं आपण आत्ताच्यालाही रोजचंच वाक्य वापरतो. सुनंदाच्या नांदेडच्या बोलीत रोजचं 'करते' वेगळं आणि आत्ताचं 'करायलेय' वेगळं. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "हाव, कळलं. हे आमचंच आहे की."

काम म्हणून तिनं दवाखान्याची नाही, घरची एक पांढरी चादर आणली होती. आमच्या दिवाणावर ती रोज चादर अंथरायची, चारी कोपरे दवाखान्यात घालतात तसे काटकोनात दुमडायची आणि बोलायची. 'आय अ‍ॅम फोल्डिंग द कॉर्नर.' 'आय अ‍ॅम पुलिंग द शीट.' मग हात बाजूला घेऊन ताठ उभी राहायची. 'आय चेंज ट्वेंटी शीट्स एव्हरी मॉर्निंग.' दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात माझी पेन्सिल तिच्या वेळेला जवळजवळ गप्प असायची.

एक गोष्ट मला दिसत होती आणि तरी दिसली नाही. बोलताना ती माझ्या तोंडाकडं बघायची नाही, पेन्सिलीकडं बघायची. प्रत्येक वाक्यानंतर क्षणभर थांबायची. टक झालं नाही की मग पुढचं वाक्य. मला वाटायचं, किती विचार करून बोलते ही बाई. यांना मी तसं कौतुकानं सांगितलंसुद्धा.

इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी ती येऊन गेली. सगळा रिपोर्ट दोनदा म्हणून दाखवला, एकदाही टक नाही. मी खुशीत. दुपारी वर्ग रद्द करून तिची वाट बघत बसले. पाचच्या सुमाराला ती आली, चपला काढल्या आणि दिवाणाच्या कडेला बसली.

"झाला?"

"झाला."

"आणि?"

ती चादरीवरची एक सुरकुती हातानं काढायला लागली. "साहेब चांगले होते, मॅडम. म्हणाले, तुमच्या मजल्यावर रोज काय होतं ते सांगा. मी म्हणले, वी चेंज द शीट्स एव्हरी मॉर्निंग. तर टक झालं."

"कसलं टक?"

"त्यांच्या हातात पेन होतं. टेबलावर टक केलं त्यांनी. मला वाटलं चुकलं. मग मी म्हणले, वी आर चेंजिंग. पुन्हा टक. मग वी चेंजेस म्हणले. पुन्हा टक. मग काय म्हणले ते माझं मलाच कळंना. जे सुचलं ते म्हणत गेले. शेवटी गप बसले. ते म्हणायलेत, बोलो बोलो, घबराओ मत. आणि टकटक चालूच."

"अगं, ती सवय असते माणसांची. पेनाशी खेळत बसतात."

"हाव. बसमध्ये बसल्यावर कळलं ते. तिथं कसं कळणार? मला वाटलं, इंग्रजी बोलायलं की सगळीकडं असंच करत असतील."

तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. काय घडलं ते सांगावं, तसं सांगितलं. पहिलंच वाक्य बरोबर होतं. बरोबर वाक्य घेऊन गेलेली बाई माझ्या सवयीपायी ते मोडत मोडत गेली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी आधी काय केलं असेल, तर साहेबाला नावं ठेवली. एवढ्या मोठ्या खुर्चीवर बसतो आणि पेन धड धरता येत नाही, वगैरे. बोलता बोलता माझाच हात टेबलावर होता आणि हातात पेन्सिल होती.

आतून हे बाहेर आले. यांनी सगळं ऐकलं होतं. सुनंदापुढं पाण्याचा ग्लास ठेवला आणि मला एवढंच म्हणाले, "ती पेन्सिल दे इकडं." मी दिली.

 ती गेल्यावर मला विद्यानगरहून येणारे एक रिटायर हेडक्लार्क आठवले. वर्गात फाडफाड बोलायचे. मुलानं तेलुगू मुलीशी लग्न केलं, तेव्हा लग्नात ते विहीणबाईंशी इंग्रजीत एक शब्द बोलले नाहीत, नुसते हात जोडत फिरत होते. मी तेव्हा त्यांना मनातल्या मनात भित्रा माणूस ठरवून मोकळी झाले होते. आता वाटलं, ते माझ्या टकची वाट बघत उभे असतील. असे किती जण कुठं कुठं उभे राहिले असतील, देव जाणे.

नशीब एवढंच, की दवाखान्यानं त्या खेपेला कुणालाच घेतलं नाही. सिस्टर सुनंदाला म्हणाली, महिन्याभरानं पुन्हा बघणार आहेत, पण ही शेवटची खेप, नंतर बाहेरून माणूस आणतील. मी लगेच म्हटलं, "मी येते तुझ्याबरोबर. साहेबांना सांगते, चूक माझी होती."

"नको, मॅडम."

"अगं, दोन मिनिटांचं काम आहे."

"तुम्ही येऊन बोललात तर ते म्हणतील, हिच्या मॅडमला चांगलं येतंय. मला काय उपयोग त्याचा?"

 मग आम्ही महिनाभर सगळं उलटं केलं. पेन्सिल यांच्या खिशात. मी बोटं आवरायची म्हणून लसणाची टोपली मांडीवर घेतली. इतक्या वर्षांचा राहिलेला लसूण मी त्या महिन्यात सोलला म्हणायला हरकत नाही. तरी तिचं वाक्य घसरलं की माझ्या पायाचा अंगठा जमिनीवर टक करायचा. यांनी ते पकडलं आणि मला मांडी घालून बसायला लावलं. साठी उलटल्यावर मला माझ्याच वर्गात शिस्त लागत होती.

हे स्वतः साहेब झाले. इस्त्रीचा शर्ट घालून टेबलामागं बसायचे आणि टकटक करायचे. पेन, चमचा, चष्म्याची डबी, हाताला येईल ते. वाक्य बरोबर असलं तरी टक, चुकलं तरी टक, मधेच उगाच तीनदा टक. सुरुवातीला सुनंदा दर आवाजाला दचकायची आणि वाक्य बदलायची. मग हे हात वर करून थांबायचे आणि मी विचारायची, "बरोबर होतं का चूक होतं? तू सांग." ती माझ्याकडं बघायची. मी लसणाकडं बघायची. माझ्यासाठी सगळ्यात अवघड काम तेच होतं. मला उत्तर माहीत असायचं, जिभेच्या टोकावर असायचं, आणि मी गप्प. एकदा ती पाच मिनिटं उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "बरोबर होतं." हे म्हणाले, "मग बदललंस कशाला?" ती म्हणाली, "तुम्ही वाजवलंत म्हणून." आणि मग तिघंही हसलो. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

महिना संपत आला तेव्हा हे डबी आपटून आपटून थकले, ती बोलायची थांबली नाही.

दुसऱ्या इंटरव्ह्यूहून ती सहाला आली. हातात पेढ्यांचा पुडा होता, त्यामुळं विचारायची गरज नव्हती. तरी मी विचारलं.

"साहेबांनी वाजवलं का पेन?"

"पूर्ण वेळ." पुडा सोडत ती म्हणाली, "दोन वाक्यं चुकली, मॅडम. चुकली ते कळलं मला. पण मी काय म्हणायलेय तेवढं कळायलं होतं त्यांना, म्हणून पुढं गेले."

कुठली दोन, हे विचारायला माझी जीभ इतकी वळवळली म्हणून सांगू. मी पेढा तोंडात घातला. पेन्सिल यांनी मला परत दिली नाही आणि मीही मागितली नाही. पुढं सहा वर्षं वर्ग चालला. आवाज नसलेला वर्ग मला फार दिवस सुनासुना वाटायचा, आणि लोक आधीपेक्षा जास्त चुकायचे हेही खरं. पण बोलायचे जास्त. आता गुडघ्यांमुळं वर्ग बंद केला आहे.

त्यातल्या एका गुडघ्याचं ऑपरेशन गेल्या हिवाळ्यात झालं, आणि सुनंदाच्याच दवाखान्यात झालं. दुसरीकडं जायचं तिनं ऐकलंच नाही. आता तिच्याकडं तीन मजले आहेत. कंबरेला पट्टा असतो, पण वाकावं लागत नाही. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या खाटेपाशी उभी होती, तेवढ्यात नव्यानं लागलेली एक बाई रिपोर्ट द्यायला आली. नलगोंड्याकडची, तेलुगू, पस्तिशीची. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत उभी राहिली आणि बोलायला लागली. "मॅडम, डेली वी आर चेंजिंग शीट्स..."

मला कळलंच नाही कधी ते. माझं बोट खाटेच्या लोखंडी दांड्यावर वाजलं. टक.

ती बाई थांबली. माझ्याकडं बघितलं, मग सुनंदाकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं.

सुनंदानं माझ्याकडं बघितलंही नाही. तिनं तिचा हात माझ्या हातावर ठेवला, बोटासकट, आणि दाबून धरला. दुसऱ्या हातानं त्या बाईला खूण केली. "गो ऑन," म्हणाली. "आय अ‍ॅम लिसनिंग."

ती बाई पुढं बोलली. चादरी, फरशी, चार नंबरची खोली, लिफ्ट. निम्मं चुकीचं होतं आणि सगळं समजत होतं. रिपोर्ट बराच लांबला. संपेपर्यंत सुनंदानं माझा हात सोडला नाही.